एका क्षुल्लक क्रियापदाचा पूर्ववृत्तांत

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी मुलाच्या वाटेंत जे पहिले दगड येतात त्यांत ‘डू’ हें क्रियापद प्रमुख होय. ‘ही वेंट’ म्हणजे तो गेला, येथपर्यंत सर्व सुरळीत असतें. ‘तो गेला नाहीं’ असें म्हणावयाचें झालें कीं तो बिचारा ‘ही वेंट नॉट’ असें लिहितो, आणि गुरुजी तें खोडतात. मग तो ‘ही डिड नॉट वेंट’ असें लिहितो. तेंहि खोडलें जातें. शेवटीं ‘ही डिड नॉट गो’ हें घोकून घेतलें जातें. पण हा ‘डिड’ आला कोठून, वाक्यांत त्याचा अर्थ काय, आणि तो नसता तर काय बिघडलें असतें, ह्या तीन प्रश्नांपैकीं एकाचेंहि उत्तर त्यास मिळत नाहीं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांनीं हे प्रश्न फारसे विचारले नाहींत, आणि आम्हींहि अनेक वर्षें वर्गांत ‘नियम आहे’ एवढ्यावरच भागविलें. ‘नियम आहे’ हें उत्तर नव्हे, ती पळवाट आहे. आणि ह्या बाबतींत तर ती थोडी लाजिरवाणी पळवाट आहे. कारण ज्यास आम्ही तांबड्या शाईनें खोडतों तें ‘ही वेंट नॉट’ हें वाक्य चारशें वर्षांपूर्वीं लंडनमध्यें निर्दोष इंग्रजी होतें. मुलाचा अपराध एवढाच कीं तो उशिरां जन्मास आला.

ऑक्सफर्डचा प्रचंड इंग्रजी कोश १८८४ पासून १९२८ पर्यंत भागाभागांनीं प्रसिद्ध झाला. त्यांतील सर्वांत लांब नोंद ‘सेट’ ह्या क्रियापदाची होती. त्याच कोशाच्या नव्या संस्करणांत तो मान ‘रन’कडे गेला आहे, पीटर गिलिव्हर ह्या संपादकांनीं त्या एका क्रियापदावर नऊ महिने घालविले आणि त्याचे ६४५ अर्थ वेगळे करून दाखविले. अशा मल्लांच्या रांगेंत ‘डू’ हें दुय्यमच ठरेल. पण ‘सेट’ आणि ‘रन’ ह्यांची श्रीमंती अर्थांची आहे. ‘डू’ची गोष्ट निराळी. त्याचे अर्थ पुष्कळ आहेतच; परंतु त्याचें खरें सामर्थ्य जेथें त्यास कांहींच अर्थ उरलेला नाहीं तेथें आहे. अर्थ गमावून एखादा शब्द भाषेचा आधारस्तंभ कसा होतो, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें ह्याच शब्दाचें चरित्र वाचावें.

आधीं अर्थांचा हिशेब थोडक्यांत उरकून घेऊं. ‘डू’ म्हणजे करणें, हें आपण शाळेंत शिकतों. पण इंग्रज गृहिणी भांडीं ‘डू’ करते तेव्हां ती तीं घासते, केस ‘डू’ करते तेव्हां ते विंचरून बांधते, आणि फुलें ‘डू’ करते तेव्हां तीं फुलदाणींत मांडते. प्रवासी पॅरिस ‘डू’ करतो म्हणजे तेथील प्रेक्षणीय स्थळें धांवतपळत पाहून घेतो. कैदी ‘टाइम’ ‘डू’ करतो म्हणजे शिक्षा भोगतो. एखाद्या माणसास ‘डू’ करणें म्हणजे फसविणें, ‘डू इन’ करणें म्हणजे ठार मारणें, आणि घर ‘डू अप’ करणें म्हणजे डागडुजी करून नटविणें. ‘दॅट विल डू’ म्हणजे एवढें पुरे. ‘हाउ डू यू डू’ ह्या अभिवादनांत तर हें क्रियापद दोनदां येतें, आणि दोन्ही वेळां ‘करणें’ हा अर्थ नाहीं. पहिलें ‘डू’ केवळ प्रश्न उभा करण्यापुरतें. दुसऱ्याचा अर्थ चालणें, निभणें, म्हणजे ‘आपलें कसें काय चाललें आहे’ यांतील चालणें. मराठी वाचकास यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपणहि काशी करतों, वकील करतों, गेलेल्या माणसाचे दिवस करतों आणि म्हाताऱ्या आईबापांचें करतों. ह्या चारहि ठिकाणीं ‘करणें’ म्हणजे नेमकें काय, हें परकीयास समजावून देतांना आपणांसहि घाम फुटेल. करण्याचा अर्थ असलेलीं क्रियापदें बहुतेक भाषांत अशींच सैल व सर्वसंचारी असतात. तेव्हां येथें अधिक रेंगाळण्यांत हंशील नाहीं.

अधिक मौजेची गोष्ट अशी कीं ‘डू’चा मूळ अर्थ ‘करणें’ हा नव्हेच. तो ‘ठेवणें’ असा आहे. संस्कृतांतील ‘धा’ धातु आणि इंग्रजी ‘डू’ हीं एकाच मूळाचीं दोन रूपें होत. ग्रीकांतील ‘तिथेमि’, म्हणजे मी ठेवतों, आणि लॅटिनांतील ‘फाकेरे’, म्हणजे करणें, हीं त्याच कुळांतलीं. विधि, विधान, निधि, संधि हे आपले नित्याचे शब्द ह्याच ‘धा’पासून निघाले आहेत. ‘श्रद्धा’ ह्या शब्दांतहि तोच धातु बसला आहे, आणि लॅटिनांतील ‘क्रेदो’ हा तिचा सख्खा भाऊ आहे. दोहोंचा मूळार्थ मन किंवा हृदय कोठें तरी ठेवणें असा समजतात. आपण आजहि विश्वास ‘ठेवतों’च कीं!

ह्या नात्याचें सर्वांत चांगलें उदाहरण ‘डूम’ ह्या शब्दाचें आहे. जुन्या इंग्रजींत ‘डोम’ म्हणजे ठरवून ठेवलेली गोष्ट, अर्थात् कायदा किंवा न्यायनिवाडा. विजेता विल्यम ह्यानें १०८६ सालीं इंग्लंडांतील जमिनींची जी मोजदाद करविली तिच्या वह्यांस लोक ‘डूम्सडे’चें पुस्तक म्हणूं लागले, कारण शेवटच्या न्यायाच्या दिवशींच्या निवाड्यावर जसें अपील नाहीं तसेंच ह्या नोंदींवरहि नव्हतें. पुढें न्यायनिवाड्याचा अर्थ मागें पडला आणि ‘डूम’ म्हणजे टळूं न शकणारें दुर्दैव असा अर्थ रूढ झाला. आतां आपल्या ‘विधि’ शब्दाकडे पाहावें. तोहि आधीं ठरवून दिलेला नियम; आणि त्याचाच पुढें ‘विधिलिखित’ झाला. दोन भाषा हजारों कोसांच्या अंतरावर, एकमेकींचें तोंडहि न पाहतां, एकाच धातूवरून एकाच वाटेनें एकाच ठिकाणीं पोंचल्या. ‘किंग्डम’ ह्या शब्दाच्या शेपटींतील ‘डम’ हाहि हाच ‘डोम’ होय.

ठेवण्याचा हा मूळ अर्थ इंग्रजींतून अजून सर्वस्वी गेलेला नाहीं. ‘डॉन’ म्हणजे अंगावर चढविणें, हें ‘डू ऑन’. ‘डॉफ’ म्हणजे टोपी उतरविणें, हें ‘डू ऑफ’. दिवा विझविण्यास ‘डाउट’ असा एक ग्रामीण शब्द आहे, तो ‘डू आउट’. कपडा अंगावर ‘ठेवणें’ आणि अंगावरून काढून ‘ठेवणें’, असा त्यांचा अर्थ उघड आहे.

आणखी एक कुळकथा सांगून ह्या प्राचीन भागाचा निरोप घेऊं. इंग्रजी भूतकाळाचा ‘एड’ हा प्रत्यय सर्वांच्या परिचयाचा आहे: ‘लव्ह’चें ‘लव्ह्ड’. हा प्रत्यय मूळचा ‘डिड’च असावा, असें पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात. जर्मानिक कुळांतील गॉथिक ह्या जुन्या भाषेंत ‘आम्हीं वांचविलें’ ह्यास ‘नसिदेदुम’ असें रूप आहे, आणि त्याच्या शेवटीं ‘देदुम’, म्हणजे ‘आम्हीं केलें’ ह्याच्यासारखा अवयव स्पष्ट दिसतो. तात्पर्य, ‘लव्ह्ड’ म्हणजे ‘लव्ह केलें’. हें मत खरें असेल, आणि आम्हांस तें खरें वाटतें, तर ‘डू’ हें क्रियापद इंग्रजी वाक्यांत दोनदां शिरलें आहे: एकदां हजारों वर्षांपूर्वीं क्रियापदाच्या शेपटाशीं चिकटून, आणि दुसऱ्यांदा गेल्या कांहीं शतकांत त्याच्या डोक्यावर बसून. आणि ‘डिड नॉट लव्ह्ड’ लिहिणारा आमचा विद्यार्थी एकाच क्रियापदाचा एकाच वाक्यांत दोनदां उच्चार करीत असतो. त्याची चूक पुनरुक्तीची आहे, अज्ञानाची नव्हे.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. ‘डू’ हें वाक्याच्या डोक्यावर केव्हां आणि कसें बसलें?

जुन्या इंग्रजींत प्रश्न विचारावयाचा तर क्रियापद उचलून कर्त्याच्या आधीं ठेवीत, आणि नकार द्यावयाचा तर क्रियापदाला नकारार्थी अव्यय जोडीत. जर्मन भाषेंत आजहि कर्ता व क्रियापद अशींच जागा बदलतात. पण तेराव्या शतकापासून, मुख्यत्वें इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील कवितेंत, एक नवा प्रकार दिसूं लागतो. कवि ‘केलें’ ह्या अर्थाचें ‘डिड’ घालतो आणि मुख्य क्रियापद तसेंच मोकळें, प्रत्ययावांचून, मागें ठेवतो. कांहीं ठिकाणीं कारण उघड आहे: ओळीच्या शेवटीं यमक जुळवावयाचें आहे. परंतु यमकासाठीं झालें तरी जें भाषेंत मुळींच नाहीं तें कवि कोठून आणणार?

स्वीडिश पंडित आल्व्हार एलेगॉर्ड ह्यांनीं १९५३ सालीं ह्या एका साहाय्यक क्रियापदावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि तो आजहि ह्या विषयाचा पाया समजला जातो. त्यांचें म्हणणें असें कीं हा प्रकार प्रयोजकांतून निघाला. मध्ययुगीन इंग्रजींत ‘डू’चा ‘करविणें’ असाहि अर्थ होता. ‘राजानें किल्ला बांधविला’ असें म्हणावयास ‘राजानें डिड बांध किल्ला’ अशी रचना करीत. पण राजानें किल्ला बांधविला काय आणि बांधला काय, ऐकणाराच्या दृष्टीनें दोन्ही सारखेंच. शहाजहानानें ताजमहाल बांधला असें आपण म्हणतों तेव्हां त्यानें हातांत थापी धरली होती अशी कोणाची समजूत होत नाहीं. असा दोन्ही अर्थांनीं घेतां येणारा प्रयोग वारंवार कानीं पडूं लागला म्हणजे ‘डिड’मधला ‘करविलें’ हा अर्थ झिजतो आणि काळ दाखविणारी रिकामी खोळ तेवढी उरते.

ह्याहून वेगळें असें एक मत आहे, आणि त्यांत केवळ व्याकरणाचा प्रश्न गुंतलेला नाहीं. पांचव्या शतकांत अँग्लो-सॅक्सन टोळ्या ब्रिटनमध्यें उतरल्या त्यापूर्वीं त्या बेटांत केल्टिक भाषा बोलत असत. तेथील लोक पश्चिमेकडे रेटले गेले, दास झाले, अथवा जेत्यांत मिसळून गेले. त्यांच्या भाषेंतून इंग्रजींत आलेले शब्द इतके थोडे आहेत कीं, जितांनीं जेत्यांच्या भाषेस कांहींच दिलें नाहीं, असें इतिहासकार पुष्कळ दिवस बिनदिक्कत लिहीत आले. पण वेल्श भाषेंत ‘करणें’ ह्या अर्थाचें ‘ग्वन्यद’ हें क्रियापद अगदीं असेंच वापरतात: ‘मीं जाणें केलें’ म्हणजे मी गेलों. मध्ययुगीन वेल्श गद्यकथांत हा प्रयोग पानोपानीं आढळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास बोलण्यांतून लोपलेल्या कॉर्निश भाषेंतहि तो होता. आणि इंग्रजींतील आरंभीचे दाखले सांपडतात ते नेमके त्याच बाजूच्या प्रदेशांत! तेव्हां जॉन मॅक्व्होर्टर ह्यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात कीं, जितांनीं शब्द दिले नसतील, पण वाक्य दिलें. ब्रिटन बायकांनीं आणि दासांनीं नवी भाषा उचलली ती आपल्या जुन्या वाक्याच्या सांच्यांत ओतून.

हें मत मनास भुरळ घालणारें आहे. जित म्हणून राहिलेल्या कोणत्याहि देशांतील वाचकास तर तें विशेष गोड लागेल, आणि म्हणूनच त्याकडे अधिक काळजीनें पाहिलें पाहिजे. त्यावर मोठा आक्षेप असा कीं पांचवें शतक आणि तेरावें शतक ह्यांच्यामध्यें आठशें वर्षांची दरी आहे, आणि त्या काळच्या विपुल इंग्रजी लेखनांत ह्या प्रयोगाचा मागमूस नाहीं. ह्यावर उत्तर असें देतात कीं लेखणी मठांतील शिकलेल्यांच्या हातीं होती. दासांचें बोलणें ते कशास लिहितील? नॉर्मन स्वारीनंतर जुनी प्रमाणभाषा मोडली तेव्हां खालचें बोलणें प्रथम वर आलें. उत्तर बिनतोड नाहीं. लिहिलें गेलें नाहीं ह्यावरून तें बोलण्यांत होतें असें कसें ठरावें? शिवाय जर्मन बोलींतहि ‘मी वाचणें करतों’ अशा धर्तीचा प्रयोग आढळतो, आणि तेथें केल्टिक दासांची सोय लावतां येत नाहीं. आमच्या मतें प्रयोग इंग्रजींत आपोआप निपजला असावा, आणि जेथें शेजारीं केल्टिक होती तेथें त्यास खतपाणी मिळालें असावें. मराठींतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद द्राविड शेजारामुळें आला असें पुष्कळ अभ्यासक मानतात. तेथेंहि ‘आपण’ हा शब्द अस्सल आर्यकुळांतलाच आहे. त्याला लावलेलें काम तेवढें शेजारच्या धर्तीचें आहे. शेजार असा गुपचूप काम करून जातो.

सोळाव्या शतकांत मात्र ह्या क्रियापदाचें दैव फळफळलें. एलेगॉर्ड ह्यांनीं त्या काळच्या गद्यांतून हजारों वाक्यें मोजलीं. त्यांवरून असें दिसतें कीं होकारार्थी, प्रश्नार्थी, नकारार्थी अशा सर्वच वाक्यांत ‘डू’ घुसूं पाहत होतें. ‘आय डू थिंक’ आणि ‘आय थिंक’ ह्यांत कांहींएक फरक नव्हता. शतकाच्या मध्यानंतर अशा साध्या होकारार्थी वाक्यांपैकीं सुमारें दहांत एक ‘डू’युक्त असे. त्या वेळीं एखाद्या भविष्यवाद्यास विचारतां तर तो म्हणाला असता कीं लवकरच प्रत्येक इंग्रजी वाक्यांत ‘डू’ येईल. पण १५७५ च्या सुमारास प्रवाह फुटला. होकारार्थी वाक्यांतून ‘डू’ ओसरूं लागलें आणि १७०० पर्यंत जवळजवळ नाहींसें झालें. प्रश्नांत तें झपाट्यानें वाढलें. नकारांत धीम्या गतीनें. १६०० च्या सुमारास नकारार्थी वाक्यांपैकीं एक तृतीयांशाच्या आसपास आणि त्या शतकाच्या अखेरीस निम्म्याच्या आसपास वाक्यांत तें आढळतें. ‘आय नो नॉट’, म्हणजे मला ठाऊक नाहीं, असे कांहीं जुने नेहमींचे प्रयोग फार दिवस हटून बसले. आणि इंग्रजी कवितेंत आपण त्यांस कविस्वातंत्र्य समजतों, वस्तुतः ती जुन्या घराण्याची शिल्लक आहे.

असें कां व्हावें? कारण इंग्रजी क्रियापदाचे आणि नामाचे प्रत्यय तोंपर्यंत झडून गेले होते. कर्ता कोण आणि कर्म कोणतें, हें आतां केवळ क्रमावरून कळावयाचें: आधीं कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. मराठींत ‘रामानें रावणास मारिलें’ हें कसेंहि उलटेंपालटें करावें, रावण कांहीं वांचत नाहीं; इंग्रजींत क्रम बदलला कीं रामच मरतो. अशा भाषेंत प्रश्नासाठीं मुख्य क्रियापद उचलून पुढें नेणें धोक्याचें झालें. ‘डू’ पुढें उभें केलें म्हणजे काळ, वचन आणि प्रश्न हें सर्व ओझें तें वाहतें, आणि त्याच्यामागें कर्ता-क्रियापद-कर्म ही दिंडी आपल्या क्रमानें निर्धास्त चालते. नकारांतहि तसेंच. आपल्या ‘तो करतो’चें ‘तो करीत नाहीं’ होतें, तेव्हां ‘करीत’ हें रूप गोठून जातें आणि अनेकवचनाचा ‘त’ बिचाऱ्या ‘नाहीं’ला घ्यावा लागतो: ‘ते करीत नाहींत’. ‘डझ नॉट’ आणि ‘नाहींत’ हे एकाच धंद्यातले हमाल आहेत. होकारार्थी वाक्यांत असें ओझेंच नव्हतें. म्हणून तेथील ‘डू’ बिनकामाचें ठरून गळालें, किंवा ‘खरोखरच’ असा जोर देण्यापुरतें उरलें.

शेक्सपियर ह्या संक्रमणाच्या ऐन मध्यावर जन्मला. त्याच्या एकाच नाटकांत ‘थिंक यू’ आणि ‘डू यू थिंक’ असे दोन्ही प्रकार शेजारीं शेजारीं सांपडतात, आणि वृत्तास एक अक्षर कमी हवें कीं जास्त हवें त्याप्रमाणें तो खुशाल निवड करतो. ह्या सवयीचा पुढें एक अनपेक्षित उपयोग झाला. ‘आठवा हेन्री’ आणि ‘द टू नोबल किन्समेन’ हीं नाटकें शेक्सपियर आणि जॉन फ्लेचर ह्या दोघांनीं मिळून लिहिलीं असें मानतात. पण कोणता प्रवेश कोणाचा? १९९४ सालीं जोनथन होप ह्यांनीं आपल्या ग्रंथांत हा निवाडा ‘डू’वर सोंपविला. शेक्सपियर १५६४ सालीं स्ट्रॅटफर्ड ह्या लहान गांवीं जन्मला. फ्लेचर त्याच्या मागून पंधरा वर्षांनीं, आग्नेयेकडील राय येथें, आणि त्याचे वडील पुढें लंडनचे बिशप झाले. तेव्हां नवी शहरी चाल फ्लेचरच्या जिभेवर अधिक बसलेली. आजच्या नियमाशीं जुळणारा ‘डू’चा वापर फ्लेचरमध्यें शेंकडा ९० हून अधिक, आणि शेक्सपियरमध्यें शेंकडा ८५ च्या आंत. उपमा, अलंकार, विचार ह्यांचें अनुकरण करतां येतें. पण ज्यास अर्थच नाहीं अशा शब्दाच्या वापरावर कोणाचें लक्ष असतें? लेखकाची ओळख पटवावयास त्याच्या सर्वांत निरर्थक शब्दाची साक्ष काढावी लागली, ही ह्या सर्व वृत्तांतांतील आम्हांस सर्वांत आवडलेली गोष्ट आहे.

बायबलाचें १६११ सालचें अधिकृत भाषांतर त्याच वेळचें. पण तें पाऊणशें वर्षांपूर्वींच्या टिंडलच्या भाषांतरावर आधारलेलें असल्यामुळें त्यांत ‘डू’चा वापर त्या दिवसांतहि जुना वाटावा असा आहे. मिशनऱ्यांच्या शाळांतून बायबल वाचून इंग्रजी शिकलेल्या आपल्याकडील पहिल्या पिढीस त्यानें किती बुचकळ्यांत टाकलें असेल, ह्याची कल्पना करावी.

ह्या सर्व घडामोडींत विद्वानांचा वांटा किती? जवळजवळ शून्य. पोपनें १७११ सालच्या आपल्या पद्यमय टीकाप्रबंधांत, ओळ भरण्यासाठीं ‘डू’ वापरणाऱ्या कवींची चेष्टा केली आणि चेष्टेच्या ओळींतच एक ‘डू’ मुद्दाम कोंबून दाखविलें. जॉन्सननें १७५५ च्या कोशांत होकारार्थी वाक्यांतील फाजील ‘डू’ हें सदोष बोलणें असल्याचा शेरा मारला. लौथनें १७६२ च्या व्याकरणांत त्यास जोर देण्याचें आणि प्रश्न-नकारांस साह्य करण्याचें काम नेमून दिलें. पण जॉन्सननें शेरा मारला तेव्हां जें मारावयाचें होतें तें आधींच मेलें होतें, आणि लौथनें नेमणूक दिली तेव्हां नोकर शंभर वर्षें कामावर होता. व्याकरणकार बहुधा असेच उशिरां येतात आणि आपणच वरात काढली असें समजतात. पुढच्याच काळांत ‘ही डोंट’ हा प्रयोग खानदानी इंग्रज सभ्य गृहस्थ बिनदिक्कत करीत. तोच पुढें गांवढळपणाचें लक्षण ठरला. शब्दांतहि कोण कुलीन हें पिढीगणिक बदलतें.

विद्वानांनीं ह्या क्रियापदास एक देणगी मात्र खरोखर दिली, आणि तीहि चुकून. चॉसरनें एका वीराविषयीं ‘धाडसानें करणें’ अशा अर्थाचे दोन साधे शब्द लिहिले होते. लिडगेटनें ते उचलले. सोळाव्या शतकांत छापतांना त्यांचें लेखन बिघडून ‘डेरिंग डू’ झालें. आणि स्पेन्सरनें, हें शौर्यवाचक नामच आहे असें समजून, तें वापरलें. पुढें वॉल्टर स्कॉटनें ‘आयव्हॅन्हो’मध्यें त्यास पुन्हां उजेडांत आणलें, आणि आज तो इंग्रजी कोशांतला प्रतिष्ठित शब्द आहे. आमच्या विद्यार्थ्याची चूक तांबड्या शाईनें खोडली जाते. स्पेन्सरची कोशांत जाते.

येथवर आल्यावर आपल्या घरच्या ‘करणें’कडे न पाहतां पुढें जाणें शक्य नाहीं. ‘डिलीट करणें’, ‘ट्राय करणें’, ‘ॲडजस्ट करणें’ ह्या प्रयोगांनीं मराठी बुडाली, अशी ओरड आपण रोज ऐकतों, आणि आम्हींहि ती अनेकदां केली आहे. पण हा प्रकार इंग्रजीच्या आगमनानें सुरू झालेला नाहीं. कबूल करणें, मंजूर करणें, रद्द करणें, माफ करणें हीं क्रियापदें इंग्रजांच्या आधीं कित्येक पिढ्या आपल्या दप्तरांत नांदत होतीं. आणि फार्शीनें स्वतः अरबी शब्द पचविले ते असेच, आपलें ‘कर्दन’ मागें लावून. माधव जूलियन फार्शीचे अध्यापक. त्यांनींच १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश केला आणि त्यांनींच १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. म्हणजे ह्या पाहुण्यांची यादी ज्यानें सर्वांत बारकाईनें केली होती तोच त्यांस निरोप द्यावयास उभा राहिला. तरीहि ‘मंजूर करणें’ गेलें नाहीं. परका शब्द आला कीं भाषा आपलें सर्वांत रिकामें क्रियापद त्याच्या पाठीशीं उभें करते, आणि लिंग, वचन, पुरुष, काळ हा सर्व कारभार आपल्याच हातीं ठेवते. ‘तिनें तीं पत्रें डिलीट केलीं’ ह्या वाक्यांत परका शब्द एक, आणि वाक्य नखशिखान्त मराठी.

पण एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं, आणि कोणी करून घेऊंहि नये. इंग्रजीनें फ्रेंच क्रियापदें घेतलीं तीं बहुतांशीं सरळ आपले प्रत्यय लावून घेतलीं. मराठीलाहि ती ताकद होती: ‘बदल’, ‘खर्च’, ‘फर्मान’ हे परके शब्द येऊन ‘बदलणें’, ‘खर्चणें’, ‘फर्मावणें’ अशीं तालेवार क्रियापदें झालीं. ‘डिलीटणें’ असें आज मुलें थट्टेनें म्हणतात, आणि आपण हंसतों. ‘चेंज करणें’ हें ‘बदलणें’ला हांकलतें तेव्हां नुकसान होतें तें इंग्रजी शब्द आल्यामुळें नव्हे, तर क्रियापद घडविण्याची सवय सुटल्यामुळें. शब्द परका कीं आपला ह्यावर रागावणारे पुष्कळ भेटतात. ह्या सुटलेल्या सवयीबद्दल बोलणारा आम्हांस क्वचितच भेटला.

‘डू’ची चढाई मात्र अजून संपलेली नाहीं. ‘तुझ्यापाशीं पैसे आहेत काय’ ह्यास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत ‘हॅव यू एनी मनी’ असें म्हणत, आणि आमच्या आजोबांच्या पिढीनें तेंच पाठ केलें. अमेरिकेंत ‘डू यू हॅव’ म्हणूं लागले होते. तेंच नंतर इंग्लंडांतहि रुळलें. ‘बी’ हें क्रियापद प्रश्नांत आणि नकारांत अद्यापि अजिंक्य आहे, तरी आज्ञार्थांत ‘डोंट बी’ म्हणून त्याच्याहि तटास भगदाड पडलें आहे. ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ हीं सुरक्षित दिसतात. ‘नीड’ आणि ‘डेअर’ हीं दोन मात्र चारशें वर्षें झालीं तरी दोन दगडांवर पाय ठेवून उभीं आहेत. एखादा इंग्रज ‘नीड आय गो’ म्हणतो, दुसरा ‘डू आय नीड टु गो’ म्हणतो, आणि गुरुजींस दोन्ही बरोबर द्यावीं लागतात.